अकरा फूट

आमची गल्ली अकरा फूट रुंद आहे.
हे मी एकतीस वर्षं सांगत आलो.
कुणी विचारलंच की चिप्पा, गाडी का घेत नाही बे,
तर अकरा फुटांत गाडी शिरते,
पण गटार सोडून दार उघडत नाही,
आणि ज्याचं दार उघडत नाही
त्याला मी पैसे मोजत नाही.
लोक हसायचे. विषय मिटायचा.

खरं म्हणजे आधी पैसे नव्हते.
मग आले, ते मुलीच्या फीमध्ये गेले.
मग फी संपली, पण तोवर
चालणं हा आमचा स्वभाव आहे
असं पेठभर झालं होतं.
आम्हालाही ते पटलं.

चालून चालून काय काय कळतं म्हणाल
तर कुठल्या ओट्यावर दुपारी तीनला सावली येते,
कुठल्या घरात माग अजून चालू आहे
(ते आधी तळपायाला कळतं, मग कानाला),
आज पाणी कुठल्या गल्लीला सुटलंय,
आणि कुणाच्या दारातल्या चपला एकानं कमी झाल्या.
मी पुढे चालतो. नागमणी दोन पावलं मागे.
ठरवून नाही. माझे पाय लांब आहेत, एवढंच.

एप्रिलमध्ये अशोक चौकात
आम्ही सिटी बसची वाट बघत उभे होतो.
हातात डबा, भाचीसाठी, बाळंतिणीचा.
चाळीस मिनिटं झाली. डांबर चपलेला लागायला लागलं.
रसवाला पोरगा गुऱ्हाळावरून ओरडला,
मावशी, ती बस दिवाळीपास्नं बंद हाय की!
नुसता खांब ठेवलाय.

नागमणी चिडली नाही.
खांबाच्या चौथऱ्यावर बसली,
डब्याचं झाकण हातानं चाचपलं
आणि म्हणाली, कारू कोंदाम्.
आमच्या घरी हिशेब मराठीत होतो
आणि भांडण तेलुगूत.
त्यामुळे घेऊ या म्हणते की भांडते,
मला नीट कळेना.

मेव्हण्याच्या शेडमध्ये जागा निघाली.
माग त्यानं वजनावर विकले गेल्या वर्षी.
फरशीवर बोल्टांची भोकं तेवढी राहिलीत,
चार-चारच्या ओळीत, तेलानं काळी.
मी टेप धरला, तिनं दुसरं टोक.
दोन मागांच्या जागेत एक गाडी बसते.
वर हातभर उरतो.
घरापासून शेड सहाशे चाळीस पावलं.
म्हणजे गाडी घेतली तरी
रोज तिच्याकडे चालतच जायचं.
यावर आम्ही दोघं इतकं हसलो
की मेव्हणा बघायला आला.

शोरूमला होटगी रोडनं गेलो. चालत.
तिथल्या पोरानं थंड पाणी दिलं,
विचारलं, कशानं आलात?
मग चपलांवरची धूळ पाहून पुढे विचारलं नाही.
पांढरी दाखवली. ती म्हणाली, राखाडी.
सोलापुरात पांढरं कशाला?
आणि काका चालवणार ना, म्हणाला तो,
फॉर्मवर माझं नाव लिहीत.
नाही, मी.
इतक्या साधेपणानं म्हणाली
जसं चहात साखर नको सांगावं.
मी काही बोललो नाही.
मीच चालवणार असं मला वाटलं होतं का,
तेही आठवेना.
पोरानं खाडाखोड केली.

गाडी यायला बारा दिवस आहेत.
रात्री जेवणं झाल्यावर आम्ही गल्लीत उतरतो.
ती बरोबर मधून चालते,
कोपरं जराशी बाहेर काढून,
आरशांसकट मापात धरून.
समोरची अंबुबाई विड्यांचं सूप मांडीवर घेऊन विचारते,
काय हरवलं गं?
काही नाही, म्हणते, बसतंय का बघते.

काल मागून स्कूटर आली. हॉर्न वाजवला.
पुन्हा वाजवला.
मी सवयीनं भिंतीला चिकटलो,
पाठीला चुना लागला.
नागमणी सरकली नाही.